मागच्या सीटवरून वाचलेलं पुस्तक

‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक कपाटात असणारे पुष्कळ भेटतात, शेवटपर्यंत वाचलेले कमी. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये ते या खोलीतून त्या खोलीत फिरतं. लडाखला जाऊन आलेला मित्र ते वाढदिवसाला भेट देतो. रिकामा हायवे, गाडीला बांधलेली सॅक आणि मागे डोंगर अशा फोटोखाली त्यातलं एखादं वाक्य चिकटवलेलं दिसतं. एकूण ख्याती अशी, की हे भटकंतीचं, स्वातंत्र्याचं, ‘स्वतःच्या शोधाचं’ पुस्तक.

वाचायला घेतलं की वेगळंच हाती लागतं. रॉबर्ट पर्सिगच्या या पुस्तकात चेन ताणणं, टॅपेट सेट करणं, स्पार्क प्लगचा रंग बघून कार्बोरेटरचा अंदाज बांधणं हेच जास्त आहे. शिवाय लेखकाने सुरुवातीच्या टिपणातच हात झटकलेत, की झेन परंपरेची माहिती इथे शोधू नका, आणि मोटरसायकलच्या बाबतीतही यावर फार विसंबू नका. मग नावातला उरलेला शब्द कोणता? मेंटेनन्स. देखभाल. निगा.

माझं म्हणणं असं आहे, की निगा कशी राखावी हे इतक्या बारकाईने सांगणारं दुसरं पुस्तक सापडणं कठीण. आणि त्याच पुस्तकात, ती निगा सांगणाऱ्या माणसाच्या पाठीला चिकटून बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची निगा मात्र कुणी राखत नाही. पुढच्या सीटवरून वाचलं तर हे तत्त्वज्ञानाचं पुस्तक आहे. मागच्या सीटवरून वाचलं तर ते एका मुलाचं, पाठीकडे बघत काढलेल्या दिवसांचं पुस्तक आहे. दुसरं वाचन आपल्या जास्त कामाचं आहे.

आधी गोष्ट थोडक्यात. १९६८च्या उन्हाळ्यात पर्सिग आणि त्याचा मुलगा ख्रिस मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला मोटरसायकलवर गेले. निम्म्या वाटेपर्यंत, म्हणजे मोंटानातल्या बोझमनपर्यंत, जॉन आणि सिल्व्हिया हे मित्र जोडपं दुसऱ्या गाडीवर सोबत होतं. या प्रवासावरचं पुस्तक १९७४ साली आलं. त्याआधी १२१ प्रकाशकांनी ते नाकारलं होतं, असं सांगतात. प्रवासभर निवेदक मनातल्या मनात व्याख्यानं देत राहतो. हळूहळू कळतं, की हा माणूस पूर्वी वेगळाच कुणी होता. ‘गुणवत्ता म्हणजे काय’ या प्रश्नाच्या मागे लागून त्याचं डोकं फिरलं, इस्पितळात त्याला विजेचे झटके दिले गेले. त्या झटक्यांआधीच्या स्वतःला तो आता ‘फीड्रस’ म्हणतो आणि परक्या माणसाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलतो.

आता त्या बिअरच्या कॅनकडे येऊ, कारण पुस्तकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग तोच आहे. जॉनकडे नवी बीएमडब्ल्यू आहे. ती त्याने घेतली आहे तीच मुळी तिच्या आत डोकवावं लागू नये म्हणून. तिचं हँडल सैल होतं, बोल्ट आवळूनही जागेवरून सरकतं. निवेदक सुचवतो, मध्ये पातळ पत्र्याची पट्टी घालू, आणि त्यासाठी बिअरच्या कॅनचा पत्रा उत्तम. तो कारणंही देतो: ॲल्युमिनियम मऊ असतं, नीट दबून बसतं, त्यावर ऑक्साइडचा पातळ थर आधीच असतो, त्यामुळे पावसापाण्याची भीती नाही. जॉन दुखावतो. अठराशे डॉलरच्या जर्मन गाडीला दारूच्या डब्याचा तुकडा! निवेदकाला नंतर वाटतं, की गुपचूप कापून आणायला हवा होता आणि थेट जर्मनीच्या क्रुप घराण्याकडून आलाय असं ठोकून द्यायला हवं होतं.

पर्सिग यातून माणसांचे दोन प्रकार काढतो. एक वस्तू दिसते कशी ते बघणारे, दुसरे ती चालते कशी ते बघणारे. अमेरिकेतलं सारं दुखणं त्याला या फुटीत दिसतं. जॉनच्या घरातला नळ गळत राहतो, सिल्व्हियाची चिडचिड वाढत जाते, पण नळाकडे बोट कुणी दाखवत नाही. यंत्राचा राग माणसांवर निघतो.

मराठी वाचकाला कॅनच्या प्रसंगाचं हसूच येईल. आपल्या गॅरेजमध्ये सायकलच्या ट्यूबचं पॅकिंग, वायरने बांधलेला सायलेन्सर, तुटलेल्या केबलला मारलेली गाठ यांवर गाड्या वर्षानुवर्षं धावतात. जॉनचा प्रश्न आपल्याला पडत नाही. आपला प्रश्न उलटा आहे. पत्रा लावायला आपली हरकत नाही, पण तो आपल्या हाताने लावायचा नाही. ग्रीसने हात काळे करणं हे ‘त्यांचं’ काम. घरातला शिकलेला मुलगा गाडीखाली झोपला तर शेजारी विचारतात, मेकॅनिक मिळाला नाही का? पर्सिग ज्याला स्वभावातला फरक समजतो, तो आपल्याकडे स्वभावातला नाहीच. ज्यांना लोखंड, लाकूड, कातडं कळत होतं त्यांना पोथीपासून लांब ठेवलं गेलं आणि पोथीवाल्यांनी लोखंडाला हात लावला नाही. ही फूट जातीची आहे, पुढे तिला पगाराचं आणि पदवीचं अस्तर लागलं.

गंमत म्हणजे पर्सिग इथल्या वाऱ्यावरून गेलेला माणूस आहे. १९५०च्या सुमारास तो बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकत होता. पुस्तकात फीड्रसचा एक प्रसंग येतो. जग माया आहे असं प्राध्यापक पुन्हा पुन्हा सांगत असताना तो विचारतो, हिरोशिमा-नागासाकीवर पडलेले बॉम्बही मायाच का? प्राध्यापक हसून हो म्हणतात. फीड्रस वर्गातून उठतो आणि भारत सोडतो. पुस्तकात या प्रसंगाला जेमतेम जागा आहे. मला तो कॅनच्या प्रसंगापेक्षा मोलाचा वाटतो. जग मिथ्या ठरवलं, की जगाची दुरुस्ती दुसऱ्या कुणीतरी करायची असते. तो दुसरा कुणीतरी कोण, हे आपल्याकडे पूर्वीच ठरलेलं होतं.

आणि नेमका हाच ‘दुसरा कुणीतरी’ पर्सिगला धड दिसत नाही. पुस्तकातले मेकॅनिक आठवा. निवेदकाची गाडी उन्हात जाम होते. तो ती वर्कशॉपमध्ये देतो. तिथे मोठ्याने रेडिओ चालू, पोरांची आपसात थट्टामस्करी, आवाज धड न ऐकताच निदान. इंजिन पुन्हा पुन्हा उघडलं जातं, कव्हर काढायला छिन्नी-हातोडी चालवली जाते, गाडी अधिकच बिघडून परत येते. शेवटी निवेदकाला स्वतःलाच कळतं, की तेल वर पोचवणाऱ्या रचनेतली पंचवीस सेंटची एक पिन तुटली होती. त्याचा निष्कर्ष असा, की ही पोरं काम करत नव्हती, कामाकडे नुसती बघत होती.

निरीक्षण अचूक आहे. असा मेकॅनिक आपल्यालाही भेटलेला असतो. पण पर्सिग त्यांना एक प्रश्न विचारत नाही. तुमच्याकडे दिवसाला किती गाड्या येतात? तासाचे पैसे किती मिळतात? निवेदक स्वतःची गाडी स्वतःच्या वेळेत उघडतो. एका आवाजामागे अख्खी संध्याकाळ घालवणं त्याला परवडतं, कारण त्या संध्याकाळचं बिल कुणाला जात नाही.

ही बाजू बघायची तर मॅथ्यू क्रॉफर्डचं ‘शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट’ (२००९) सोबत ठेवावं. हा शिकागोला राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस. वॉशिंग्टनच्या एका थिंक टँकमधली नोकरी सोडून त्याने व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यात एका जुन्या होंडा मॅग्नाची गोष्ट आहे. क्लचशी खेळता खेळता एका ऑइल सीलच्या मागे तो इतका लागतो, की तास कुठे गेले ते कळत नाही. मग बिल करायची वेळ येते. गाडीशी प्रामाणिक राहायचं की गाडीच्या मालकाशी? मालकाने ते सगळे तास मागितले नव्हते. या एका बिलात जो पेच आहे, तो पर्सिगच्या साऱ्या व्याख्यानांत कुठे येत नाही. क्रॉफर्ड पर्सिगच्या त्या मेकॅनिकवर खूशच असतो असं नाही, त्याचाही राग तोच आहे. पण त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक आलं की निगा ही दोघांतली गोष्ट होते.

आपल्या गॅरेजात तर आणखी एक जण असतो. पाने उचलून देणारा, चहा आणणारा, डिझेलमध्ये सुटे भाग धुणारा पोरगा. उस्तादाच्या शेजारी उभा राहून तो शिकतो. त्याला पुस्तक नसतं, मॅन्युअल नसतं, बऱ्याचदा शाळाही नसते. गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा जो माणूस पर्सिगला आदर्श वाटतो, तो आपल्याकडे असाच तयार होतो. तो आदर्श मोठा आहे यात शंका नाही. त्याची किंमत कुणाच्या बालपणातून वसूल होते, हेही त्याच वाक्यात म्हणायला हवं.

इतकं सगळं म्हणूनही मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा का उघडतो? अडकलेल्या स्क्रूसाठी. पुस्तकाच्या उत्तरार्धात साइड कव्हरचा एक स्क्रू अडकतो. जोर लावता लावता त्याची खाच झिजते. आता स्क्रूड्रायव्हर नुसता फिरतो. काही पैशांचा हा स्क्रू. पण तो निघत नाही तोवर गाडी उघडत नाही, आणि उघडत नाही तोवर ती चालत नाही. म्हणजे या क्षणी त्या स्क्रूची किंमत अख्ख्या मोटरसायकलएवढी आहे. पर्सिग म्हणतो, याच क्षणाला घाबरू नका. डोकं रिकामं झालंय, कुठलीच पद्धत चालत नाहीये, मॅन्युअलमध्ये हे पान नाहीये, तेव्हाच तुम्ही पहिल्यांदा त्या स्क्रूकडे खरोखर बघता. आतापर्यंत तो ‘एक स्क्रू’ होता, आता तो ‘हा स्क्रू’ आहे.

याला जोडूनच तो हुरूप गळण्याच्या जागांची यादी करतो. घाई, कंटाळा, अहंकार, चुकीची हत्यारं, उलट्या क्रमाने बसवलेले भाग. त्यात दक्षिण भारतातल्या माकडाच्या सापळ्याची गोष्टही येते. पोकळ नारळात तांदूळ, माकडाने हात घातला की मूठ बाहेर येत नाही, आणि मूठ सोडायचं त्याला सुचत नाही. हा भाग परीक्षेच्या आदल्या रात्री, कोड चालत नसताना, प्रबंधाचं तिसरं प्रकरण अडलेलं असताना वाचावा. प्रेरणादायी भाषणांत आणि यात फरक असा, की इथे कुणी ‘तू करू शकतोस’ म्हणत नाही. इथे म्हणतात, हात धू, चहा पी, आणि मग पुन्हा नीट बघ.

आता मागच्या सीटकडे वळू.

पुस्तक उघडतं तेच या दोघांवर. पाणथळ जागेवरून लाल पंखांचा काळा पक्षी उडतो, निवेदक मागे ख्रिसच्या गुडघ्यावर थाप मारून तो दाखवतो. पोरगा म्हणतो, असे पुष्कळ बघितलेत. बाप मनात म्हणतो, या वयात कळायचं नाही. पुढे साऱ्या पुस्तकभर हे असंच चालतं. ख्रिसचं पोट दुखतं. डॉक्टरांनी त्यात मानसिक आजाराची चिन्हं पाहिली आहेत, हे बाप जॉन-सिल्व्हियाला सांगतो, पण मुलाशी त्यावर बोलत नाही. बोझमननंतर दोघं पायी डोंगर चढतात. ख्रिसला माथ्यावर पोचायचंय. दरड कोसळेल या धास्तीने बाप माघारी फिरवतो, आणि मुलगा चिडतो, रडतो. टॅपेटचा बारीकसा आवाज ऐकून थांबणारा हा माणूस मुलाच्या रडण्याला ‘मूड’ म्हणून पुढे जातो.

हे लेखकाचं अपयश आहे की निवेदकाचं? इथे वाचकाने सावध राहावं. पुस्तकाला पंचवीस वर्षं झाल्यावर, १९९९च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत पर्सिगने सांगितलं, की या निवेदकावर विश्वास ठेवू नका. लोकांना बरं वाटावं म्हणून बोलणारा, समाजाशी जुळवून घेतलेला हा माणूस आहे. खरा तो फीड्रसच. म्हणजे समजूतदार आवाजात चाललेली ही सगळी व्याख्यानं ज्या तोंडून येतात, ते तोंडच थोडं खोटं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवून वाचलं, की मुलाकडे न बघणं हा पुस्तकाचा दोष राहत नाही, विषय होतो. तरीही माझी एक तक्रार उरते. व्याख्यानं शेकडो पानं आहेत आणि ख्रिसची वाक्यं मोजकी. वाचक बापाच्या सुरात इतका गुंततो, की तोही मुलाला विसरतो. मेंटेनन्सची वाक्यं फोटोखाली जातात. ख्रिसचं वाक्य तिथे सहसा दिसत नाही.

आणि मागे बसणाऱ्यांना काय दिसतं, याचा पुरावा पुस्तकातच आहे. सुरुवातीला सिल्व्हिया म्हणते, की समोरून येणाऱ्या गाड्यांतली माणसं किती उदास होती, जणू अंत्ययात्रेला निघालीत. निवेदकाने रस्ता बघितला, आकाश बघितलं, इंजिनचं तापमान बघितलं. माणसांचे चेहरे मागच्या सीटवरच्या बाईने बघितले. पुस्तकातलं हे माझ्या मते सगळ्यात नेमकं निरीक्षण, आणि ते करणारीला पुढे फारसं बोलू दिलेलं नाही.

शेवटच्या पानांवर दोघं कॅलिफोर्नियात असतात. हेल्मेट काढलेली आहेत, वारा लागतोय. मोडून पडायच्या बेतात आलेला ख्रिस विचारतो, तू खरंच वेडा होतास का? बाप नाही म्हणतो. मुलगा म्हणतो, मला माहीत होतं. मग तो फूटरेस्टवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला पहिल्यांदा समोरचा रस्ता दिसतो. इतके दिवस त्याने फक्त पाठ बघितली होती. तो विचारतो, मोठा झाल्यावर मला गाडी मिळेल? बाप म्हणतो, निगा राखलीस तर. कशी राखायची? बघतोयस ना मी करतो ते.

साऱ्या व्याख्यानांनंतर हे एवढंच उरतं, आणि ते खरंही आहे आणि अपुरंही. मुलाने बघितलं होतं, पण त्याला काय दिसत होतं हे बापाने विचारलं नव्हतं. पुढचं पुस्तकाबाहेरचं आहे. १९७९च्या नोव्हेंबरात, तेविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, सॅन फ्रान्सिस्कोच्या झेन सेंटरजवळ ख्रिसचा भोसकून खून झाला. दहा वर्षांनंतरच्या, १९८४च्या आवृत्तीत पर्सिगने त्यावर लिहिलं. तो गेला कुठे, या एकाच प्रश्नाभोवती ते फिरतं. तिथे व्याख्यान नाही. तिथे निवेदकाचा तो खात्रीचा सूर पहिल्यांदा तुटतो, आणि मला वाटतं तिथेच तो मागे वळून बघतो.

हे सगळं आज का सांगायचं? कारण आपल्याकडे जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याची लाट आहे. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली आरएक्स १००, १९९६ साली बंद पडलेल्या म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी, राजदूत, जुनी बुलेट. चेसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकशी ताडून बघणं, पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पुन्हा करून घेणं, भंगारबाजारात ओरिजिनल मीटर शोधणं, सिलिंडर बोअर करून घेणं. यातला खटाटोप मला आवडतो. घेऊन फेकण्याच्या काळात कुणी तरी दुरुस्त करतंय हे चांगलंच.

पण त्याचे व्हिडिओ बघा. पहिल्या पाच सेकंदांत गंजलेला सांगाडा, शेवटच्या पाच सेकंदांत चमकती टाकी आणि किक. मधलं संगीतात वाहून जातं. पर्सिगचं अख्खं पुस्तक त्या मधल्या भागात आहे. अडकलेला स्क्रू कापून टाकला जातो. ज्याच्या हाताने काम झालं तो मेकॅनिक चौकटीबाहेर, त्याचा पोरगा त्याहून बाहेर. गाडी नवी करणं हा एक दिवस असतो. निगा रोजची असते आणि तिचा व्हिडिओ होत नाही.

यातल्या बऱ्याच गाड्या ‘पप्पांची गाडी’ म्हणून उभ्या केल्या जातात. आपली निम्मी पिढी कुणाच्या तरी पाठीला गाल टेकून वाढली आहे. शर्टाचा वास, पेट्रोलचा वास, समोर पाठ. टाकीवर बसवलेल्या धाकट्याला रस्ता दिसायचा, मागच्याला नाही, आणि साडी सावरत एका बाजूला बसलेल्या आईला काय दिसायचं हे कुणी विचारलेलं नसतं. ती गाडी पुन्हा चालू करताना आपल्याला त्या खांद्यावरून एकदा पलीकडे बघायचं असतं, असं मला वाटतं. ते क्रोम पॉलिशने होत नाही. पप्पा हयात असतील तर त्यांना मागे बसवून विचारावं लागतं.

पर्सिगने ज्या १९६६च्या होंडा सुपर हॉकवर तो प्रवास केला, ती २०१९ साली त्याच्या पत्नीने स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाला दिली. पर्सिग त्याच्या दोन वर्षं आधी गेला होता. तिथे जाणारे बहुतेक जण इंजिनचा फोटो काढतील. ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय त्याने मागची सीट बघावी.